पऱ्हाटीचा कूड

केशरबाईनं घराचा पश्चिमेचा कूड, म्हणजे काड्यांवर माती लिंपलेली भिंत, पाडला तेव्हा घरी पाहुणी येणार आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं थोडी कळ काढली असती. चौदा एप्रिलच्या आधी घरातली सर्वांत थकलेली भिंत पाडायची आणि नवी बांधायची, हा तिच्या सासूपासूनचा नेम. जयंतीची निळी पताका लावायची ती सारवलेल्या, पोतारलेल्या घरावर. वाळवी लागलेल्या कुडावर पताका लावली की ती नवऱ्यानं सोडलेल्या बाईच्या कुंकवासारखी दिसते, असं सासू म्हणायची. सासू गेली, पण नेम राहिला.

यंदा पश्चिमेच्या कुडाची पाळी होती. तिच्या नवऱ्यानं, डोमाजीनं, तंबाखू चोळता चोळता त्याला नुसती पाठ टेकवली, तर पाठ बाहेर आणि पाय घरात असा तो अर्धा पलीकडे गेला. सून दीपमाला पोटुशी, तिला हसू आवरेना. केशरबाई हसली नाही. तिनं त्याच दुपारी तो सगळा कूड खाली ओढला, माती कुदळीनं वेगळी केली, काड्या चुलीपाशी रचल्या. उरली ती नुसती निंबाची डांग, उभ्या-आडव्या काठ्यांचा सांगाडा, आणि तिच्यातून दिसणारा नांदगाव खंडेश्वरचा रस्ता.

तिला घाई नव्हती. सहदेव माळ्याच्या वावरात पऱ्हाटी, कापसाची वाळली झाडं, उभी होती. त्यानं यंदा फरदड घेतली, म्हणजे कापूस संपला तरी झाडं ठेवून पुन्हा एक वेचा काढला, म्हणून उपटायला उशीर. पण पऱ्हाटी केशरबाईचीच होती. तिनं ती उपटायची, वावर साफ करून द्यायचं आणि उपटलेली काडी घरी न्यायची. वर्षाचं जळतण त्यात निघायचं, कूडही निघायचा. याला मजुरी म्हणावं की दान म्हणावं, हे ना कधी सहदेवनं विचारलं, ना केशरबाईनं.

मग सरपंचाची गाडी आली.

गाडीतून सरपंच उतरला, अमरावतीच्या कॉलेजचे पियुष सर उतरले, आणि मागून पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक मुलगी. पियुष सरांनी घराकडे पाहिलं, उघड्या बाजूकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

"ही रागिणी. पुण्याहून आली आहे," ते म्हणाले. "त्यांच्या आणि आमच्या कॉलेजची विद्यार्थ्यांची अदलाबदल आहे. बेघरी आणि दारिद्र्य समजून घ्यायला ती आठवडाभर तुमच्यात राहील."

"बेघर कोन हाये अथी?" केशरबाईनं विचारलं.

"म्हणजे कसं, जागा तुमच्या नावावर नाही ना. ई-क्लासची, सरकारी. त्यामुळे अभ्यासाच्या भाषेत..."

"मंग मी आता उभी कुठी हावो?"

ती आपल्या उंबऱ्यात उभी होती. सर हसले. सरपंचही हसला, पण त्यानं तिला बाजूला घेतलं. "ठेवून घे व आठ दिवस. पुढच्या महिन्यात मोजनीवाले येऊन राह्यले. पडकं-उघडं घर दिसलं का अथी कोनी राह्यत नाई समजून जागा मोकळी करतेत. तवा तुले मीच लागन ना?" एवढं बोलून त्यानं कुडाच्या जागेकडे पाहिलं. "आन हे लवकर लावून घेजो."

डोमाजी खाटेवरून म्हणाला, "सर, आपले पोट्टे तिकडं पुन्याले काय शिकाले गेले?"

"उद्योजकता."

डोमाजीनं मान हलवली आणि तंबाखू तोंडात टाकली.

*

रागिणी केशरबाईला मावशी म्हणाली.

"मी कोन्या गावची मावशी तुही?"

"मग काय म्हणू?"

"काई नोको मनू. काम असलं का सांगत जाय."

मुलीनं पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही जे खाल तेच मी खाईन. माझ्यासाठी वेगळं काही करू नका."

"आमी खातो थे आमालेच पुरत नाई. त्यात तू."

दीपमालानं सासूकडे पाहिलं. मग उठून तिनं पीठ मळायला घेतलं, आणि केशरबाईनं पाहिलं की पीठ नेहमीपेक्षा जास्त आहे. दीपमालाच्या नवऱ्याला, ललितला, बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर पोती वाहायचं काम होतं, तो सुटीलाच यायचा; घरात कोणी हसतंखेळतं माणूस आलं की सुनेला बरं वाटायचं, हेही केशरबाईला कळत होतं. कळत असलं म्हणून काय झालं.

उघड्या बाजूला केशरबाईनं जुनं लुगडं बांधलं. दुपारी पश्चिमेचं ऊन त्यातून आरपार आलं, वारा आला की लुगडं फुगायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलींचा वेग कमी व्हायचा. दीपमाला अंगावरचं लुगडं बदलायला शेजारच्या तानुबाईकडे जाऊ लागली. तानुबाई म्हणायची, "या या, बेघर लोकहो." ती गंमत होती. पहिल्यांदा गंमत होती.

रागिणी पाणी पीत नाही, हे केशरबाईच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. बाटली भरलेली, जशीच्या तशी. कारण तिला कळलं. उजाडायच्या आधी नाल्यापलीकडे जावं लागतं, आणि दिवसा जायला आडोसा नाही, म्हणून पोरगी पाणीच टाळत होती.

"पानी पे," ती म्हणाली. "वावरात पडशीन तं सरपंच मले इचारन."

"मी ठीक आहे."

"तू ठीक हायेस का नाई थे मी इचारलंच नाई. पे मनलं."

रागिणी प्यायली. केशरबाईनं तिला चिंचेमागची जागा दाखवली, पाठ फिरवून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं पाहत राहिली की कोणाला त्या वाटेनं यावंसं वाटेना.

*

सहदेवचं वावर कोरडं, भेगाळलेलं. पऱ्हाटी कमरेच्या वर, वाळून काळी पडलेली, टोकाला कुठं कुठं चिकटलेली खराब कापसाची कवडी. उपटायचा चिमटा एकच होता: लोखंडी जबडा, लांब दांडा. बुडाशी जबडा धरायचा, दांडा मांडीवर दाबायचा, झाड मुळासकट वर येतं. बाई उभा जन्म ते करते तेव्हा मांडीला त्या जागी घट्टा पडतो. दीपमाला वाकायला नको म्हणून मागून काड्या गोळा करत बसकण मारत पुढं सरकायची.

रागिणीनं चिमटा मागितला. केशरबाईनं दिला. तिला पोरीची फजिती पाहायची होती, आणि फजिती झाली. जबडा निसटायचा, रागिणी मागं पडायची, पुन्हा उठायची. पण ती थांबेना. तळव्यावर फोड आले, फुटले, दांड्याला ओल लागली. केशरबाई उभी राहून पाहत होती. तिला राग यायला हवा होता, तो कुठंतरी सैल होत होता, आणि त्याचाच तिला राग आला.

"आन इकडं. मोळ्या बांध तू."

"मला जमेल."

"तुले जमन. चिमट्याले नाई जमत."

त्यांनी मोळ्या घरी वाहिल्या. डोमाजीची कंबर रेल्वेच्या रुळांखाली खडी टाकता टाकता गेलेली, त्याला ओझं उचलवत नव्हतं. पण बसल्या बसल्या तो डांगेला काड्या सुतळीनं बांधायला लागला. पहिल्या दिवशीच्या पऱ्हाटीत कूड गुडघ्यापर्यंत आला. बुडाचं दाट लागतं, म्हणून तिथं काडी जास्त जाते. केशरबाईनं पाहिलं आणि मनात हिशेब केला: अजून थोडे दिवस, की जयंतीच्या आधी सारवणंसुद्धा होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सहदेव आला. मोटारसायकल वावराच्या कडेला, धुऱ्यावर लावली, डोक्यावरचा दुपट्टा सोडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या वांग्याच्या वाडीतली किडकी वांगी तो टोपलीनं केशरबाईकडे पाठवायचा आणि पाठवताना आपण पाठवली हे साऱ्या गावाला कळेल असं बघायचा, एवढंच.

"ही कोन पाव्हनी?"

"पुन्याची हाये. शिकाले आली."

"पऱ्हाटी उपटाले शिकवतेत पुन्यात?"

रागिणी उठून उभी राहिली. हातांना चिंध्या बांधलेल्या. "काका, तुम्ही यांना मजुरी किती देता?"

"मजुरी? कायची? काडी नेते ना थे."

"पण हे काम ट्रॅक्टरनं करून घेतलं असतं तर तुम्हालाच पैसे पडले असते. त्या तुमचं शेत फुकट साफ करून देतात. शिवाय ही काडी आता विकली जाते. आम्ही कारखाना बघून आलो, भुगा करून जळणाचे ठोकळे करतात. स्वतः यंत्र घेऊन येतात, काडी तोलून नेतात. म्हणजे तुम्ही यांना मजुरी देऊ शकता की." ती जरा थांबली. "नाहीतर याला वेठबिगारी म्हणतात."

केशरबाईचा चिमटा झाडाच्या बुडाशी तसाच राहिला. दीपमालानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जणू तिकडून ऊन आलं.

सहदेवनं दुपट्ट्यानं मान पुसली, सावकाश. "कोन नेते मनली पऱ्हाटी?"

रागिणीनं सांगितलं. कारखाना कुठं आहे, रस्ता कुठून आहे, सगळं नीट सांगितलं. ती हुशार मुलगी होती.

"केशरबाई," सहदेव म्हणाला, "तू भरवलं का हे इच्या डोक्यात?"

"मी काय भरवन, भाऊ. माह्याच डोक्यात नोहोतं."

"वेठबिगारी," सहदेव म्हणाला. तो शब्द त्यानं जिभेवर घोळवून पाहिला, जणू चव लक्षात ठेवायची होती, आणि गेला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघी वावराच्या वळणावर पोचल्या तेव्हाच आवाज आला. ट्रॅक्टरमागं लाल रंगाचं यंत्र लावलेलं. पऱ्हाटी उभीच आत जात होती आणि मागून भुगा होऊन ट्रॉलीत उडत होता. धुळीचा लोट विहिरीवरून गेला. निम्मं वावर मोकळं झालं होतं.

केशरबाई खांद्यावर चिमटा घेऊन धुऱ्यावर उभी राहिली. सहदेव तिच्याजवळ आला, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. ट्रॅक्टरवाला, कारखान्याची माणसं, सगळी ऐकत होती.

"काय करता, केशरबाई. वेठबिगारी मनतेत म्हने. या वयात मले जेलात नाई जाचं."

माणसं हसली. केशरबाईनं चिमटा खांद्यावरून खाली घेतला, पुन्हा खांद्यावर ठेवला. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. वांग्यांपासून सुरुवात करता आली असती. पण ई-क्लासवर राहणाऱ्या बाईनं वावरवाल्याशी भांडायचं तर भांडणानंतर जायला कुठंतरी जागा लागते.

घरी आल्यावर तिनं चिमटा इतक्या जोरात टाकला की डोमाजी खाटेवर उठून बसला.

"मी चुकीचं काय बोलले?" रागिणी म्हणाली. "खरंच सांगा. चुकीचं काय होतं त्यात?"

"काईच नाई. समदं खरं बोलली." केशरबाईनं कुडाकडे हात केला. गुडघ्याच्या वर थोडी काडी, मग नुसती डांग, आणि वर फुगलेलं लुगडं. "आता थे खरं उचल आन लाव अथी. बसते का पाह्य."

रागिणी रडायला लागली. दीपमाला तिच्याजवळ जायला उठली तर केशरबाई म्हणाली, "बस तू खाली." दीपमाला बसली. मग सासूला म्हणाली, "मामीजी, मोजनीवाले आले तं?" रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, हळू झाली, पुढं गेली.

*

संध्याकाळी केशरबाई सहदेवच्या घरी निघाली. जाताना रागिणीला म्हणाली, "तू बी चाल."

"मी माफी मागणार नाही. मी खोटं बोलणार नाही."

"तुले कोन माग मनते. चाल, पाह्य. शिकाले आली ना."

सहदेव जेवत होता. जेवण होईपर्यंत केशरबाई ओसरीखाली अंगणात उभी राहिली. सहदेवच्या बायकोनं, माणिकबाईनं, बाहेर येऊन तिला पाहिलं आणि आत गेली. सहदेवनं ताक मागितलं. मग अजून एक भाकर मागितली. मग हात धुतले, दात कोरले, बाहेर आला.

"बोल."

"पोट्टीचं मनावर घेऊ नोका, भाऊ. लेकरू हाये. बाहेरचं हाये." केशरबाईनं हात जोडले. जोडताना कोपरं अंगाला घट्ट लावली, जणू थंडी होती. "उरली असन तेवढी काडी द्या. सून पोटुशी हाये. घर उघडं पडलं."

"मी काहून मनावर घेऊ? माह्या फायद्याचंच बोलली थे. आता मुद्दाम देतो म्हटलं तरी कायदा आडवा येते." त्याला मजा येत होती. "थे वेठबिगारी, माहीत हाये ना तुले?"

केशरबाईचे हात तसेच जोडलेले होते. रागिणी फाटकापाशी होती. ती पुढं आली. "माझी चूक झाली," ती म्हणाली.

"कोनती?"

रागिणीनं हातावरची चिंधी घट्ट केली.

"नाई, कोनती थे तं सांग. कायदा चुकला का तुहं तोंड?"

"मी बोलायला नको होतं."

"हां." सहदेव खूश झाला. त्यानं आत चहा सांगितला. रागिणीला कपात दिला. केशरबाईला दिलाच नाही. रागिणीनं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही; शेवटी तो ओसरीच्या कडेला ठेवून दिला.

"विहिरीच्या अंगाले कोपरा हाये," सहदेव म्हणाला. "तथी यंत्र वळत नाई. थो तुहा. पन पयले वांग्यातलं निंदन करून द्या. दोघी."

रागिणीनं तोंड उघडलं. केशरबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागिणीनं तोंड मिटलं.

त्यांनी निंदण केलं. वांग्याच्या काट्यांनी रागिणीच्या हातांवरच्या चिंध्या फाटल्या. एकदा रागिणीनं तणासोबत वांग्याचं रोप उपटलं. केशरबाईनं ते घेतलं, पुन्हा मातीत खोचलं, बोटानं दाबलं आणि सहदेव कुठं आहे ते पाहून घेतलं. पूर्वी पऱ्हाटीसाठी पऱ्हाटीच उपटावी लागायची. आता त्यावर निंदणही आलं. याला काय म्हणतात, ते तिनं रागिणीला विचारलं नाही. तिला भीती होती की मुलीला शब्द माहीत असेल.

कोपऱ्यातली काडी निघाली तेवढी निघाली. डोमाजीनं ती विरळ करून बांधली, तरी कूड खांद्यापर्यंतच आला. वर हातभर जागा उघडी राहिली आणि एका बाजूनं तर चांगलं माणूस आत येईल एवढी. जळतण तर काहीच उरलं नाही.

*

आठवडा संपला तेव्हा पियुष सर समारोपाला आले. गाडीभर विद्यार्थी, केळी, बिस्किटांचे पुडे, आणि एक भलामोठा फ्लेक्स. तो त्यांनी केशरबाईच्या अंगणात दोन बांबूंना बांधला. वर गोल गोल चौकटींत सहा-सात साहेबांचे चेहरे आणि खाली मोठ्या अक्षरांत: बेघरी व दारिद्र्य अनुभव शिबिर.

भाषणं झाली. रागिणीला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, आपल्या तळव्यांकडे पाहिलं, म्हणाली, "मला काही सांगता येणार नाही," आणि बसली. सरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते फार भावलं. मग त्यांनी फोटोसाठी केशरबाईला कुडापाशी उभं केलं. "अशा, जरा बाजूला. अर्धी भिंत मागं दिसू द्या."

"दिसू द्या," केशरबाई म्हणाली. "मंग हे तुमचं कापड कायले लागते?"

"फ्लेक्स? तो कॉलेजात न्यायचा आहे."

"काहून? अनुभव सरला ना?"

सर हसले, घड्याळ पाहिलं, मुलांना गाडीत बसायला सांगितलं. केशरबाईनं पुन्हा मागितलं नाही. ती एकदाच मागायची; सहदेवच्या अंगणात त्यापेक्षा जास्त मागून झालं होतं.

रागिणी बांबूपाशी गेली आणि सुतळीच्या गाठी सोडायला लागली. एक गाठ सुटेना, ती दातांनी सोडवली.

"अगं, ते मुलं काढतील," सर म्हणाले. "रागिणी. उशीर होतोय."

तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं. फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन ती कुडापाशी आली आणि रस्त्याच्या बाजूनं उभी राहिली. डोमाजी खाटेवरून म्हणाला, "पाह्य बुवा, साहेब लोक कोनीकडं झोपतीन, घरात का रस्त्यावर?"

केशरबाईनं आतून लुगडं सोडलं. कोनाड्यातून पोती शिवायचा दाभण काढला, त्यात सुतळी ओवली. एकटीनं हे शिवता येत नाही. एक माणूस आत लागतं, एक बाहेर. आतल्यानं दाभण काडीतून पलीकडे टोचायचा, बाहेरच्यानं ओढून घ्यायचा आणि पुन्हा आत टोचायचा. दोघींना एकमेकींची तोंडं दिसत नाहीत. दिसतं ते फक्त टोक.

"अक्षरं आत घेऊ की बाहेर?" कापडापलीकडून रागिणीनं विचारलं.

केशरबाईनं विचार केला. आत घेतली तर दीपमालाचं लेकरू खाटेवर पडल्या पडल्या पहिलं तेच पाहील.

"तुह्या अंगाले ठेव," ती म्हणाली. "तुहेच हायेत थे."

केशरबाईनं दाभण टोचला. तो पलीकडे गेला, ओढला गेला, थोड्या वेळानं बोटभर अंतरावर पुन्हा आत आला. टाका वाकडा होता. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. दाभण पलीकडे गेला आणि परत आला. हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला जास्त वेळ.

सुतळी मधेच ढिली पडली.

केशरबाई थांबली. कापडाच्या या बाजूला साहेबांच्या चेहऱ्यांचे उलटे गोल पुसट दिसत होते, आणि त्यांच्या खाली, उन्हामुळं, पोरीच्या दोन हातांची सावली.

"सैल सोडू नोको," ती म्हणाली. "वढ."

सुतळी ताणली गेली.